पोटात ठेव

रात्रपाळीहून आले की ग्रिम्सबीला अजून रात्रच असते.
धक्क्यावरचा पिवळा दिवा,
आणि सीगलची कसलीशी जुनी भांडणं.
ओट्याशी उभी राहून मी मऊ अंडं खाते
कॉफीच्या चमच्याने,
एकेक घास वीस वेळा चावून.
मग अर्धा तास पाणी नाही.
घड्याळाकडे बघत तहान मोजायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, केळ्याएवढं ठेवलंय.
बाकीचं काढलं.
मी विचारलं, काढलेलं गेलं कुठे?
त्या जरा थांबल्या.
"जाळतात," म्हणाल्या, "इतरांच्या सोबत."
म्हणजे माझ्यातलं बरंचसं आधीच गेलं,
ना दहावं ना तेरावं.
पोटात ओरडायचे ते कावळेही त्याच्याबरोबर गेले.
आता घास ठेवला
तरी शिवायला कुणी येत नाही.

भूक नाही, हे सांगून कळत नाही कुणाला.
जेवायची आठवण फोन करून देतो.

कारखान्यात पट्ट्यावरून मासे येतात, मी वजन बघते.
चौथ्या महिन्यात केस इतके गळले
की लॉरेन म्हणाली, जाळीत मांजर पाळलंयस का गं?
आम्ही दोघी हसलो.
पोट धरून हसायला गेले
तर मुठीत नुसती कातडी आली,
वाळत घातलेल्या चादरीसारखी गार.
अंगठी हल्ली निळ्या हातमोज्यात राहते,
हात एकटाच बाहेर येतो.

तक्रार नाही. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या.
दर तीन महिन्यांनी बी-ट्वेल्व्हची सुई, बस.
क्लीथॉर्प्सच्या वाळूवर दोन मैल चालते, गुडघे गप्प असतात.
झोपेचं यंत्र परत केलं,
तर दिगंबरला खोली फार शांत वाटते म्हणे.
अपरात्री जागा होऊन माझा श्वास तपासतो.

त्यानेच सांगितलं होतं:
चालून कमी झालं म्हण.
बाकीचं पोटात ठेव.

ठेवलं.
तिथे काय काय ठेवलं होतं मी!
सासूबाईंचं, "हिला तांदूळ वेगळा आणावा लागतो."
विमानात जादा पट्टा मागितल्यावर वळलेल्या माना.
कुमुदवन्संनी घरच्या फोटोत मला नेमकं कडेला उभं करणं,
आणि मग फोटो तिथूनच कापणं.
पोटात घाल गं, तूच मोठी, म्हणायचे सगळे.
घातलं. ऐसपैस जागा होती.

संक्रांतीला लिंकनला हळदीकुंकू.
नको नको म्हणताना हातावर तिळाचा लाडू.
अर्धाच खाल्ला.
दहा मिनिटांत दरदरून घाम, छातीत घोडे.
कोट ठेवायच्या खोलीत जमिनीवर बसले
कुणाच्या तरी ओल्या लोकरीत तोंड खुपसून.
दारात वन्सं.
"काय गं, काही मोठं दुखणं नाही ना?
केवढी उतरलीस. आधीच बरी दिसायचीस."

आधीच.

मला गोड चालत नाही, गोड बोलताही आलं नाही.
"वन्सं, पोट कापून घेतलंय.
आता त्यात काही राहत नाही.
तुमचं बोलणंसुद्धा."

बाहेर कुणीतरी उखाणा घेत होतं, बायका हसत होत्या.
वन्सं भिंतीला धरून खाली बसल्या,
गुडघ्यांनी केवढा आवाज केला.
बराच वेळ माझ्याकडे नाही, कोटांकडे बघत राहिल्या.
मग अगदी हळू:
"दुखतं का गं फार?
माझ्या वयात करतात?"

मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही.
हात पुढे केला. त्यांनी धरला,
अंगठी त्यांच्या मुठीत राहिली.

आता रविवारी फोन येतो शेफील्डहून.
पहिला प्रश्न जुनाच, जेवलीस का?
जेवले. चार चमचे वरण-भात.
"पोटभर?"
पोटभर, म्हणते मी. खोटं नसतं ते.
बोलताना डोळा घड्याळावर.
अजून अकरा मिनिटं.
मग पाणी.